आत्याचा फोटो, माझं लग्न

मी काही लिहावं अशी माझी पात्रता नाही, त्याबद्दल सुरुवातीलाच माफी मागतो. आजवर मी लिहिल्या त्या उत्तरपत्रिका, आणि त्यातल्याही काही तपासणाऱ्यांना पसंत पडल्या नाहीत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे लाईटबिलामागची सूचना असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, वाचायला माझ्या हातात यायची, आणि मला न कळलेलंही मला कळलंय असं सगळे धरून चालायचे. आत्याबद्दल लिहायलाही बहुतेक म्हणूनच बसलोय. घरात पेन माझ्याच खिशाला असतं.

आमचं गाव ठाकुर्लीच्या मागे, खाडीच्या अंगाला. आजोबांपर्यंत सगळे मिठागरात राबले, वडील अंबरनाथला एका कारखान्यात लागले. आत्या वडिलांची थोरली बहीण. ती फार तरुणपणी सासरहून परत आलेली. तिने नवऱ्याला सोडलं की नवऱ्याने तिला, यावर दोन मतं होती आणि दोन्ही तिचीच होती. ज्या दिवशी जसा मूड असेल तसं ती सांगायची.

आत्या धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजी येतो तो त्याच्या वेळेला. त्याच्या आधीपासून, हळदीपासून, एकेका विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ते म्हणून लग्न पुढे नेणारी बाई ती धवलारीण. तिने सूर लावल्याशिवाय नवऱ्यामुलाच्या अंगाला हळदीचं बोट लागत नाही. धवल्याची ओळ लांब असते, आणि आत्या ती एका श्वासात पार करायची. बाकीच्या बायकांचा श्वास मध्येच तुटला की ती गाणं न थांबवता त्यांच्याकडे अशी बघायची, की पुढच्या ओळीला त्या नुसतेच ओठ हलवायच्या.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा तिला खोकला लागला. आधी सगळ्यांनी मिश्रीला दोष दिला. मग टीबी म्हणून गोळ्या झाल्या, खोकला गेला, पण छातीच्या फोटोतला डाग गेला नाही. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सुई घालून तपासणी झाली आणि तिथले कागद घेऊन आम्हाला ठाण्याच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. वडिलांना रजा नव्हती, म्हणून मी गेलेलो.

डॉक्टर वयस्कर, शांत. फोटो बघून झाल्यावर दार उघडून त्यांनी हळूच विचारलं, "पेशंटच्या घरचं कोण आहे? जरा आत या." मी बाकावरून उठेपर्यंत आत्या आत जाऊन खुर्चीत बसलेली.

"अहो, मी घरच्यांना बोलावलं," डॉक्टर म्हणाले.

"मीच घरची हाय. ह्यो पोऱ्या तं दिवसभर कालेजात असतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी खूण कशी करायची हे मला ठाऊक नव्हतं, मी नुसताच उभा राहिलो. मग त्यांनी फोटो दिव्यावर लावला आणि तिच्यासमोरच सगळं सांगून टाकलं. डाग बोराएवढा आहे. तो कॅन्सरच आहे, पण अगदी संथ जातीचा. "काहींचा धावत सुटतो. हा आळशी आहे, बसून आहे. तुमच्या हृदयाची झडप लहानपणापासून कमजोर दिसते, ऑपरेशनची भूल तुम्हाला झेपायची नाही. तेव्हा सध्या आपण काही करायचं नाही. दर सहा महिन्यांनी फोटो काढायचा आणि नजर ठेवायची. वाढलाच तर किरणांचा शेक देऊ."

आत्याने दिव्यावरच्या त्या बोराकडे बराच वेळ बघितलं.

"आलशी हाय बोल्लास ना?" तिने विचारलं. आमच्याकडे डॉक्टरलाही अरे-तुरेच. "मंग तो आमच्याच घरातला," असं म्हणून तिने माझ्याकडे हात केला.

चूक झाली ती घरी आल्यावर, आणि ती मी माझ्या परीने फार नीट समजावून सांगत असताना झाली.

"औषध काय दिलं?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही."

"सुया?"

"नाही. सध्या काही करायचं नाही. घरी जा म्हणाले. बघत राहू म्हणाले."

वडिलांनी हातातला कप खाली ठेवला. आईने पदर तोंडाला लावला. मी पुढे संथ जात, झडप, शेक असं सगळं सांगितलं, पण ते कोणी ऐकलं नाही. आमच्या भागात डॉक्टर निदान एक लाल औषधाची बाटली तरी देतो. तीही न देता त्याने घरी पाठवलं, तर त्याचा अर्थ एकच असतो, आणि तो समजायला कॉलेजात जावं लागत नाही. आत्या चुलीपुढे बोंबील साफ करत होती. ती दोनदा म्हणाली, "अरे, मना तं इचारा कायतरी!" पण जाणाऱ्या माणसाला कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी दुपारपासून माणसं यायला लागली. आमच्यात अशा माणसाला शेवटचं बघायला जातात तेव्हा 'काय खावंसं वाटतं?' असं विचारतात आणि ते आणून खायला घालतात. पहिल्या दिवशी आत्या लाजली, काही नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, निवट्या चालतील. तिसऱ्या दिवसापासून ती स्पष्ट बोलायला लागली. "चिंबोऱ्या आनशील तं भरलेल्या आन, पोकल नको." मासे, खेकडे, खाडीतलं जे काही चिखलातून वर येत होतं ते त्या आठवड्यात आमच्या घरी येत होतं. आत्या उशाला टेकून, चेहरा जमेल तितका पडलेला ठेवून, सगळं खात होती. तिच्याकडे बघून माणसं रडायची आणि तिच्या पानाकडे बघून गप्प व्हायची.

सगळ्यात मोठ्याने रडली ती कळव्याची काकी. ही वडिलांच्या चुलतभावाची बायको. गळा मोठा, मन वाईट नाही, पण कुठल्याही घरात पाऊल टाकलं की सोबत एखादं स्थळ असायचंच. ती आत्याच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "बाय गो, काय इच्छा राह्यली असंल ती बोल."

आत्याच्या तोंडात चिंबोरीची नांगी होती. ती उत्तर देईपर्यंत काकीनेच दिलं. "भाच्याचा लगीन! दुसरी कंची इच्छा असनार? गावभरच्या लग्नाला गायली, घरातल्या लग्नाला गायल्याबिगर जीव कसा जायाचा?"

मुलगी काकीच्या माहेरची होती. तिला मी पाहिलेलं नव्हतं, आणि तिनेही मला. पण संध्याकाळपर्यंत वडिलांचं ठरत आलं होतं. याच हंगामात उरकायचं. लग्न झालेल्या मुलाने कॉलेजात बाकावर बसणं बरं दिसत नाही, तेव्हा साहेबांशी बोलून मला कारखान्यात चिकटवायचं. यातलं माझ्याशी कोणी बोललं नाही. सगळ्यांना वाटत होतं की आत्याच्या सुखापुढे मी नाही म्हणणार नाही, आणि ते खरंच होतं. मला नाही म्हणता येतच नव्हतं. मी गच्च भरलेल्या घरातून मागच्या बाजूला जाऊन बसलो आणि उगाच अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं.

थोड्या वेळाने आत्या मागे आली. शेवटचं बघायला आलेल्या माणसांना पुढे बसवून ती मिश्री लावायला आलेली.

"तुना लगीन करायचाय?" तिने विचारलं.

"तुझी इच्छा असेल तर..."

"माजी इच्छा मी बघीन. तुना इचारलाय."

मी म्हणालो, मला पंधरावी पास व्हायचंय. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे पंधरावी म्हणत. हे वाक्य मी तोवर कोणापुढे मोठ्याने म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर ते मला जरा जास्तच वाटलं.

आत्या चूळ भरून आत गेली. मी तिच्या मागे. सगळ्यांच्या मध्ये उभी राहून, पडलेला चेहरा वगैरे सोडून, ती म्हणाली, "डागदर बोल्ला, थांबायचा नि बघायचा. मी थांबतंय ना? मंग ह्याचा लगीन पन थांबंल. ह्यो पंधरावी पास जाला का मी गाईन. त्याच्या आदी कोनी लगीन लावला तं दुसरी धवलारीन बघा."

काकीला राहवलं नाही. "नि तवपर तू राह्यली नाय तं?"

"नाय राह्यली तं तुजा काय जातंय? तू रडून घेतलंस ना आदीच."

असा तो करार झाला. तिने डाग सांभाळायचा, मी कॉलेज. दोघांपैकी कोण आधी चुकतो ते गाव बघणार होतं.

डाग सांभाळणं म्हणजे काय ते मला हळूहळू कळलं. दर सहा महिन्यांनी ठाण्याला फोटो निघायचा. डॉक्टर नवा आणि जुना फोटो शेजारी लावून पट्टीने मोजायचे. निकाल आणायला मी एकटा जायचो. ते मोठं तपकिरी पाकीट कुठल्याच पिशवीत मावत नसे, त्यामुळे मला बघून गावात सगळ्यांना कळायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो की मी तिथूनच ओरडायचो, "आहे तसाच!" आत्या आतून ओरडायची, "डाग का तू?" आणि मग घरात चहा व्हायचा. मधल्या सहा महिन्यांत डागाचं नाव निघत नसे. फोटोची तारीख जवळ आली की मात्र आई उगाच भांडी आपटायची, वडील रेडिओचा आवाज बारीक करायचे. आत्या मागच्या बाजूला पाणी भरताना सगळ्यात लांब ओळ म्हणून बघायची, तुटते की पुरते. तिचं मोजमाप डॉक्टरांच्या पट्टीपेक्षा वेगळं होतं, एवढंच.

चिंबोऱ्या आणून दिलेली माणसं मात्र जरा नाराज होती. एखाद्या हळदीला आत्या खणखणीत गाताना दिसली की ती माणसं, आत्याने उसनं नेऊन परत केलं नाही अशा नजरेने, तिच्याकडे बघायची. त्यातले एक म्हातारे, जे आमच्या ओट्यावर बसून फार रडले होते, तेच पुढच्या वर्षी गेले. आत्या त्यांच्या घरी जाऊन बसून आली. येताना वाटेत मला म्हणाली, "चांगला मानूस. मना शेवटचा बघायला आयलेला." थोडं पुढे गेल्यावर तिला हसू आलं, मग खोकला आला, मग दोन्ही थांबेपर्यंत आम्ही बांधावर बसून राहिलो.

आणि मग चुकलो मी. पंधरावीला इंग्रजीत नापास. निकाल कळल्यावर मी डोंबिवली स्टेशनाबाहेर दोन चहा प्यायलो आणि उशिरा घरी गेलो. आत्याने विचारलं, "आता परत कवा?"

"ऑक्टोबरला. परीक्षा दर सहा महिन्यांनी असते."

"मंजे माज्यासारखाच," ती म्हणाली. "तुजा पन फोटो काढूया. कुठं अडकलाय ते दिसंल."

पण त्याच पावसाळ्यात डॉक्टरांनी नवा फोटो लावला आणि पट्टी दोनदा ठेवली. "थोडा मोठा वाटतोय," ते म्हणाले. "कडाही पसरट दिसतायत. घाबरू नका. आठवड्याने पुन्हा काढू, मग शेकाचं बघू."

त्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी आलो आणि काय ओरडावं ते कळेना. न ओरडताच घरात शिरलो. आत्याने पाकिटाकडे पाहिलं आणि कोणी न सांगता चहा ठेवला.

तो आठवडा वाईट गेला, कारण आत्या चांगली वागायला लागली. तिने मिश्री बंद केली. आईला टोमणा मारला नाही. मला 'बाला' म्हणाली. तिच्या या गोडव्याने सगळं घर घाबरून गेलं. एका संध्याकाळी मी मागच्या बाजूला इंग्रजीची पाठांतरं करत होतो, तेव्हा ती शेजारी येऊन बसली.

"लोक बोलतात, मना मरायची भीती नाय. मी तसा नाय बोलनार. मना वाटते भीती." ती खाडीकडे बघत होती. "आनखी जरासा पायजे होता. तुजी हलद गायची राह्यली."

मला तिला धीर द्यायचा होता. पण पुस्तकात होतं ते सगळं इंग्रजीत होतं आणि मला येत होतं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. मी म्हणालो, "मी या वेळी पास होईन."

"हां, ते तं हो," ती म्हणाली.

दुसऱ्या फोटोच्या वेळी मी खोलीच्या दाराबाहेरच उभा होतो. आतून फोटो काढणाऱ्याचा आवाज आला, "मोठा श्वास घ्या. अजून. धरा." आणि मग आतून, लांब, उंच, धवल्याची ओळ सुरू झाली.

"अहो बाई! धरा म्हटलं, सोडा नाही!" तो ओरडला. दार उघडून त्याने मला आत घेतलं. "गेल्या वेळीही या अशाच हलल्या. मला वाटलं खोकल्या. फोटो हलल्यावर डाग पसरट नाही दिसणार तर काय?"

आत्या मशीनला छाती लावून उभी होती, चेहरा अपराधी. "येवढा श्वास घेतल्यावर तो तसाच कसा ठेवायचा रं?" तिने मला विचारलं. "वाया नाय का जात?"

नंतर मी तिच्यासमोर ओठांवर बोट ठेवून उभा राहिलो आणि तेवढा एक श्वास तिने गाण्याविना घालवला. डाग होता तेवढाच होता. हे सगळं ऐकल्यावर डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि ते म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या फुप्फुसांची काळजी मी करतोय, पण माझ्या हृदयाची तुम्ही करा." गल्लीच्या तोंडाशी मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. घरात शिरेपर्यंत आत्याची मिश्री सुरू झालेली.

ऑक्टोबरला मी पास झालो. कुठला वर्ग ते विचारू नका. ठाण्याला एका कचेरीत नोकरी लागली, आणि पुढे शीळफाट्याकडच्या एका गावातली मुलगी बघायला गेलो तेव्हा आम्ही दोघांनीही एकमेकांना पाहिलं. काकीच्या माहेरच्या मुलीला तोवर दोन मुलं झाली होती. लग्नाला काकी दोन दिवस आधीच येऊन राहिली.

माझ्या हळदीला आत्या खुर्चीवर बसून गायली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिची ओळ तुटली, मध्यावर. मांडवातल्या बायका दचकल्या आणि त्यांनी ती ओळ उचलून पार नेली. आत्याने त्यांच्याकडे तसंच बघितलं, जसं ती श्वास तुटलेल्या बाईकडे बघायची, आणि पुढच्या ओळीला पुन्हा एकटी सुरू झाली. मला हळद लागली. काकी हुंदके देत होती.

"आता रड," आत्या गाणं थांबवून तिला म्हणाली. "आता चालंल."

मला वाटलं होतं की करार संपला, आता ती कदाचित थकेल. पण तिने दुसऱ्याच आठवड्यात माझ्या बायकोला सांगून टाकलं, "आता तुज्या पोरीचा लगीन." बायको लाजली. मी म्हणालो, "आत्या, तू अट वाढवतेयस." ती म्हणाली, "डाग नाय वाढत तं अट तरी वाढू दे."

तशी आणखी काही वर्षं गेली. मला मुलगी झाली. ती आत्याच्या मांडीवर बसून धवल्याच्या ओळी अर्ध्याच म्हणायला शिकली. दर सहा महिन्यांनी पाकीट येत राहिलं आणि मी गल्लीच्या तोंडाशी ओरडत राहिलो. नोकरदार माणसाने असं ओरडू नये असं वडील म्हणायचे, पण त्या दिवशी ते स्वतःच ओट्यावर येऊन बसलेले असायचे.

शेवटच्या वेळी फोटो काढला तेव्हा डॉक्टर परगावी होते, म्हणून निकाल तिथेच राहिला. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी आत्या ओट्यावर जवळा वाळत घालत होती. आईकडे तिने चहा मागितला. आई कप घेऊन आली तेव्हा ती भिंतीला टेकलेली होती. गावातल्या डॉक्टरने सांगितलं, हृदय. ती झडप. इतकी वर्षं आम्ही सगळे एकाच जागेकडे बघत बसलो होतो आणि ती दुसरीकडून निघून गेली. काकी कळव्याहून आली. या वेळी तिच्यासोबत एकही स्थळ नव्हतं आणि तिला मोठ्याने रडताही येत नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर मी कामावर रुजू झालो. एका संध्याकाळी कचेरी सुटल्यावर पाय आपोआप डॉक्टरांकडे वळले. फोटो काढलेला होता, तो तिथे पडून राहणं बरं वाटेना. शिवाय त्यांना सांगायलाही हवं होतं. मी आत गेलो, तर ते माझी वाटच बघत असल्यासारखे उठले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दोन्ही फोटो दिव्यावर लावले, पट्टी ठेवली आणि माझ्याकडे वळून हसले.

"आत्याबाईंना सांगा," ते म्हणाले, "आहे तसाच आहे. सहा महिन्यांनी या."